नवी नोकरी आणि नळदुर्ग

शाळेंतून निवृत्त झालेल्या माणसानें नातवंडांकडून शब्दरूपें घोकून घ्यावीं व सायंकाळीं देवळाच्या ओट्यावर बसावें, अशी आमच्या घरच्यांची समजूत होती. परंतु धाराशिवास एका संस्थेंत जुन्या पोथ्यांची सूची करण्याचें काम निघालें, आणि साठी उलटल्यावर आम्ही पुन्हां उमेदवार झालों. मुलांचें किरटें अक्षर लावण्यांत तीस वर्षें गेलीं. ती संवय पोथीवरचें झिजलेलें अक्षर लावतांना उपयोगी पडते खरी. पण चूक दिसतांच तांबड्या शाईकडे वळणारा हात येथें आवरावा लागतो. पोथीची पुष्पिका सूचिकारानें आहे तशी, तिच्यांतील अशुद्धांसकट, उतरून घ्यावयाची असते! मागच्या कामांतलें बरोबर काय न्यावें आणि उंबऱ्याबाहेर काय ठेवावें, हा प्रश्न मनांत घोळत असतांनाच एका रविवारीं चिरंजीव व सूनबाई यांच्यासह आम्ही नळदुर्ग पाहण्यास निघालों.

वाटेंत बालाघाटाच्या कडेला वसलेल्या तुळजापुरास श्रीभवानीचें दर्शन घेतलें व तेथून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचें नळदुर्ग गांठलें. बोरी नदी येथें किल्ल्यांतूनच अडविली आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, 1613 सालीं, हा काळ्या पाषाणाचा बंधारा झाला. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत बंधारा भरून वाहूं लागला म्हणजे नर व मादी या नांवांचे दोन धबधबे कोसळतात. महालाच्या गवाक्षासमोरून पाण्याचा पडदा खालीं जात असतो आणि आंत बसणारा मात्र कोरडाच! पाणी थोपविण्याचें काम करतां करतां पाण्याचा सोहळाहि पाहण्याची सोय करणारा तो स्थपति कोणी रसिकच असला पाहिजे.

याच नळदुर्गास 1853 सालीं मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नव्या नोकरीवर आला. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायीं निजामाकडून इंग्रजांनीं जे मुलूख घेतले, त्यांपैकीं हा एक. तेव्हां तो परसत्तेचा चाकर होता हें विसरावयाचें नाहीं. पण माणसाची कथा ऐकण्याजोगी आहे. 1824 सालीं, पंधरा वर्षांचा असतांना, तो मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर लागण्यासाठीं आला. ती पेढीच डबघाईस आलेली! पुढें तो निजामाच्या फौजेंत शिरला. 1839 सालीं ठगांवरील त्याची कादंबरी गाजली. नंतर सुरपूर संस्थानांत अल्पवयी राजाच्या वतीनें सुमारें बारा वर्षें त्यानें कारभार पाहिला. तेथें वडीलकीच्या अधिकारानें वागणाऱ्या ह्या गृहस्थास चव्वेचाळिसाव्या वर्षीं नळदुर्गास जमिनीची मोजणी व महसुलाची घडी बसविण्याच्या कामास लागावें लागलें. सुरपूरचा तो अधिकार येथें काय कामाचा? कामास आली ती रयतेशीं तिच्या बोलींत बोलण्याची संवय. ती शिदोरी त्याच्यापाशीं तरुणपणापासूनच होती.

1857 सालीं त्यास वऱ्हाडांत बुलढाण्यास धाडण्यांत आलें, आणि ज्या मुलुखासाठीं त्यानें चार वर्षें खपून काम केलें तो 1860 सालीं निजामास परतहि गेला. इतकी मेहनत दुसऱ्याच्या दप्तरांत गेलेली पाहून आमच्यासारख्याचा तर हातच गळून पडता. परंतु 1863 सालीं त्याची ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. काळ शिवाजीमहाराजांच्या उदयाचा, आणि नायिका तुळजापूरच्या एका शास्त्रीबुवांची कन्या! कचेरींत बसून त्यानें हा मुलूख नुसता मोजला नव्हता, तर ऐकलाहि होता.

परततांना गाडींत हें सारें आम्ही सांगत होतों. चिरंजीवांचा डोळा केव्हांच लागला होता. सूनबाई मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांनीं हळूच विचारलें, “मामंजी, ती ‘तारा’ तुमच्या संस्थेंत असेल का? असली तर उद्यां येतांना घेऊन या.”