बारसं राहून गेलेलं लेकरू

पऱ्हाटीची वेचणी जोरात होती, तेव्हा माझी चुलत बहीण तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. नर्स बाहेर आली. मोठीआईनं विचारलं, "काय झालं व?" तर नर्सला उत्तरच देता येईना. "लेकरू चांगलं हाय," एवढंच म्हणाली.

गावाला मात्र कारण ठाऊक होतं. हिनं गिऱ्हानात विळा धरला. कोणी म्हणे, पोरगा व्हावा म्हणून जडीबुटी खाल्ली. आत्या, म्हणजे तिची सासूच, बोलली काही नाही. पण बारशाचं नावही काढलं नाही. मीसुद्धा आठवडाभर बहिणीकडे फिरकलो नाही. काय बोलावं, सुचत नव्हतं.

बाराव्या दिवशी लेकरू दूध ओकू लागलं. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले. मोठीआई म्हणाली, "बापू, पयलंबी असंच गेलं होतं." पहिला मुलगा होता, दिसायला धडधाकट. तीन आठवड्यांचा असताना ओकून ओकून गेला. नजर लागली म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. आता मात्र गाडी केली अन् थेट यवतमाळ गाठलं, वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना.

रक्तातलं मीठ फार घटलं होतं. सलाईन लागलं. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं, पुढे गुणसूत्रांच्या तपासणीत दोन एक्स निघाले. मुलगीच होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: मूत्रपिंडावर टोपीसारखी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्यात २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम कमी पडलं, की मीठ धरून ठेवणारं संप्रेरक नीट बनत नाही. न वापरलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो, तोही आईच्या पोटात असतानाच. म्हणून मुलीचं अंग बाहेरून मुलासारखं दिसतं. मुलगा असला तर काहीच वेगळं दिसत नाही, अन् दुखणं ओळखूच येत नाही.

बहीण माझ्याकडे पाहत राहिली. तिला पहिला आठवला होता.

नवरा-बायको दोघांकडे त्या जनुकाची एकेक खराब प्रत. सरकी दिसायला चांगली, पण आत एक दाणा पोचट, तसं. दोन्ही खराब प्रती एकाच लेकरात येण्याची शक्यता दर बाळंतपणाला चारात एक. नातं आते-मामाचं, त्यामुळे तोच दोष दोघांत असणं सोपं.

"म्हंजे माह्या विळ्यानं नाई झालं ना?" तिनं विचारलं.

"नाही हो, बाई."

तेव्हा ती रडली. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

२०१८ साली बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पारावर लोक म्हणाले, "आपल्या पोरीवानीच दिसते हे." नव्हतं. ते मुलगी म्हणून वाढले, पण त्यांच्यात वाय गुणसूत्र होतं. पहिले सहा आठवडे सगळ्यांचेच गर्भ सारखे असतात. पुढची वाट कुठं वळेल, याची कारणं वेगवेगळी. पण पारावर एवढं ऐकतो कोण?

पोरगी आता शाळेत जाते. गोळी रोज, ताप आला की जास्तीची, हे आत्यालाही पाठ आहे. उन्हाळ्यात पोरगी कैरीवर मूठभर मीठ घेते. कोणी टोकलं, तर आत्याच अंगावर जाते: "खाऊ दे तिले!"