दिंडी की मुशाफिरी

परदेशप्रवास ही आता मराठी मध्यमवर्गाला अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. इंदूरच्या आमच्या गल्लीतून दर उन्हाळ्यात दोन-तीन कुटुंबे तरी युरोप किंवा सिंगापूर करून येतात आणि पुढे गणपतीच्या दिवसांत आरती झाल्यावर त्यांची छायाचित्रे आपल्याला पाहावी लागतात. मात्र साठी उलटलेल्या तीन गृहस्थांनी परदेशी जाऊन मोटारसायकलवर हिंडावे, हे अजून कोणाच्या सहज पचनी पडत नाही. "हे काय वय आहे?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की त्याचे उत्तर देणे आम्ही सोडून दिले आहे. आम्हाला खरोखर छळणारा प्रश्न निराळाच होता. जायचे ते एखाद्या प्रवासी कंपनीच्या ताफ्यात, वाटाड्या पुढे आणि सामानाची गाडी मागे अशा थाटात, की नकाशा उलगडून आपले आपण?

आम्ही म्हणजे तिघे. प्रस्तुत लेखक मध्य प्रदेश शासनाच्या विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेला, दुसरे वकील, तिसरे बँकेतून निवृत्त. कॉलेजात असताना एक राजदूत आणि एक येझ्दी एवढ्या भांडवलावर आम्ही मांडू, महेश्वर आणि जानापाव पालथे घातले होते. तेव्हा हा प्रश्न पडला नाही, कारण खिशात पेट्रोलपुरतेच पैसे असत. आता पैसे आहेत, वेळ आहे. परंतु आमच्या बँकवाल्या मित्राच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत २०१७ पासून दोन स्टेंट आहेत आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी त्याला रोज घ्यावी लागते. ज्याच्या रक्ताला गोठायला वेळ लागतो त्याने दुचाकीवरून पडू नये, हे सांगायला वैद्य लागत नाही. तेव्हा आमच्यापुरता हा वाद आवडीनिवडीचा उरला नव्हता. तिघांनी जायचे की दोघांनी, हेही त्यावर ठरणार होते.

ताफ्याने जाण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वाटेवरची दिंडी दुसरे काय असते? भिशी भरावी, सामान ट्रकात टाकावे, मुक्काम, पंगत आणि तंबू यांची चिंता दिंडीप्रमुखावर सोपवावी आणि आपण मोकळ्या हातांनी चालत राहावे. त्यात कमीपणा कोणी मानत नाही. उलट एकट्याने वारी करणाऱ्याकडे लोक जरा काळजीनेच पाहतात. असे असताना मोटारसायकलच्या बाबतीत मात्र वाटाड्या घेणे म्हणजे जणू पुरुषार्थाला बट्टा, असा एक समज तरुण मंडळींत दिसतो. तो आम्हाला पटत नाही. दुसऱ्या बाजूने, आमच्या वकील मित्राचे म्हणणे असे, की सगळे आयुष्य दुसऱ्याने ठरवून दिलेल्या तारखांवर गेले. आता सहलीलाही कोणी तारीख देणार असेल तर घरी बसलेले काय वाईट?

पहिल्यांदा, २०२२ च्या पावसाळ्यात, आम्ही व्हिएतनामचा विचार केला. उत्तरेकडच्या हा जिआंगच्या डोंगरवाटांची वर्णने वाचून तिघेही भारावलो होतो. पण फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाची एक खोड असते. तो आधी नियम पाहतो. भारतात आर.टी.ओ. जो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देते, तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो; व्हिएतनाम मान्य करतो तो १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा. म्हणजे तिथला दुकानदार आपल्याला मोटारसायकल हसत हसत भाड्याने देईल, परंतु कायद्याच्या दृष्टीने आपण विनापरवाना ठरू. आणि विनापरवाना चालकाचा अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. अशा वेळी दुसऱ्याने चालवलेल्या गाडीवर मागे बसून जाता येते आणि पुष्कळ लोक तसे जातातही. आम्हाला ते नको होते. व्हिएतनाम बाद झाले.

थायलंड १९४९ चा परवाना मानतो, आणि तिथली वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. ही दुसरी गोष्ट लहान वाटते, पण पन्नास वर्षे डाव्या बाजूने चालवलेल्या हाताला ती फार मोठी असते. फॉर्म ४-अ भरला, एक हजार रुपये शुल्क दिले, परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद आहे ना हे दोनदा पाहिले, आणि जानेवारी २०२३ मध्ये आम्ही कोणत्याही कंपनीशिवाय चिआंग माईला उतरलो. जानेवारी मुद्दाम निवडला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून त्या भागात शेते आणि जंगले पेटवतात. मग धुराने डोंगर दिसेनासे होतात आणि आमच्या मित्राच्या छातीला तो धूर मानवला नसता.

दुकानदाराने अनामत म्हणून पासपोर्ट मागितला. वकीलसाहेबांनी तो द्यायला साफ नकार दिला आणि रोख अनामतीवर सौदा केला. निघण्याआधी प्रत्येक गाडीवरच्या ओरखड्यांची छायाचित्रे घेतली. दक्षिणेकडून १०८ क्रमांकाच्या रस्त्याने मे सारियांग, तिथून मे हाँग सोन आणि १०९५ क्रमांकाच्या रस्त्याने पायमार्गे परत, असा हा सुमारे ६०० कि.मी.चा फेरा आहे. तरुण पोरे तो तीन-चार दिवसांत उरकतात. आम्ही नऊ दिवस घेतले. या वाटेवर १८६४ वळणे आहेत असे तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि तो आकडा छापलेले प्रमाणपत्रही मे हाँग सोनला मिळते. आम्ही वळणे मोजली नाहीत. प्रमाणपत्र मात्र घेतले.

मे सारियांगला एकच रात्र राहायचे ठरले होते. सकाळी आमचा मित्र म्हणाला, "आज नको रे, अंग जड आहे." झाले, दुसरी रात्रही तिथेच. नदीकाठच्या ओसरीत बसून तिघांनी दिवसभर पत्ते कुटले. कोणाला कळवायचे नव्हते, कोणाची परवानगी नव्हती, कोणी खोळंबले नव्हते. आपले आपण प्रवास करण्याचा सगळा लाभ त्या एका दिवसात होता, असे आम्हाला आजही वाटते. शाकाहाराचा प्रश्न 'जे' या एकाक्षरी शब्दाने सुटला. तो उच्चारला की अंडे, मासा, मांस सगळेच टळते. लसूणही टळते, याचे वकीलसाहेबांना दुःख झाले.

तोटाही दाखवायला हवा. खुन युआमच्या अलीकडे, चढावर, एका गाडीचे मागचे चाक बसले. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना झाडी, फोनला रेंज नाही. वकीलसाहेब मदत आणायला पुढे गेले आणि आम्ही दोघे सावलीत बसून राहिलो. आमच्या मित्राने खिशातली औषधांची डबी बाहेर काढून मांडीवर ठेवली. काही झाले नव्हते. त्याने ती नुसती ठेवली. पण पुढचे दोन तास आमचे लक्ष रस्त्यापेक्षा त्या डबीवरच होते. शेवटी एका शेतकऱ्याच्या पिकअपमधून मदत आली, चाक दुरुस्त झाले, आणि त्या भल्या माणसाने पैसे घ्यायलाही आढेवेढे घेतले. संध्याकाळी हसण्यावारी नेलेली ही गोष्ट आम्ही घरी मात्र सांगितली नाही.

पुढची सहल आल्प्सची, सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि ती कंपनीच्या ताफ्याबरोबर. निर्णय त्या डबीने केला असे म्हटले तरी चालेल. तिथे वाहतूक उजवीकडून, गाड्या आमच्या बुलेटपेक्षा कितीतरी दमदार, आणि खर्च स्वतः आखलेल्या सहलीच्या जवळजवळ दुप्पट. गंमत अशी, की स्वतः जायचे म्हटले तरी शेंगेन व्हिसासाठी कोणत्या रात्री कोठे मुक्काम हे पुराव्यानिशी दाखवावे लागते, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुशाफिरी तिथे दूतावासाच्या दारातच अर्धी संपते. विम्याचे कागद आम्ही ओळ न ओळ वाचले. आधीपासूनचे हृदयविकार आणि मोठ्या मोटारसायकली यांविषयीची कलमे शेवटच्या पानांवर असतात, आणि तीच आधी वाचायची असतात.

ताफा अकरा गाड्यांचा होता. चौक आला की वाटाड्याच्या मागचा स्वार तिथे थांबून हाताने दिशा दाखवी, सगळे पुढे गेल्यावर शेवटच्या माणसापुढे रांगेत शिरे. चोपदाराशिवाय चाललेली ही शिस्त पाहून आम्ही थक्क झालो. पण त्याच शिस्तीने ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्यावर आमचा हिरमोड केला. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने आखलेला आणि १९३५ साली खुला झालेला हा रस्ता जागतिक मंदीत हातांना काम देण्यासाठीही बांधला गेला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांचा तो थोरला भाऊच. वर गेल्यावर पास्टेर्त्से हिमनदी दिसते. ती वर्षागणिक मागे हटत आहे आणि तिने सोडलेली उघडी, राखाडी दरी पाहून मन उदास होते. तिथे आम्हाला तासभर तरी बसायचे होते. वाटाड्याने घड्याळ पाहून वीस मिनिटे दिली.

स्टेल्व्हिओच्या दिवशी सकाळी आमच्या मित्राचा रक्तदाब चढला. वाटाड्याने शांतपणे त्याच्या गाडीची किल्ली मागून घेतली, एका साहाय्यकाला त्या गाडीवर बसवले आणि मित्राला सामानाच्या व्हॅनमध्ये. आम्ही एकटे असतो तर तो दिवस तरी गेला असता, किंवा त्याने हट्टाने गाडी चालवली असती. आणि दुसरीच शक्यता अधिक होती. कार्लो डोनेगानी याने १८२० ते १८२५ या काळात बांधलेल्या त्या घाटाला प्राटोच्या बाजूने ४८ तीव्र वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर उतरत्या क्रमाने आकडा आहे. भेरू घाटात शिकलेले सारे कसब तिथे पणाला लागले. २७५७ मीटरवर, सॉसेज विकणाऱ्या टपऱ्यांच्या गर्दीत, आमचा मित्र आधीच येऊन उभा होता. हातात कॉफी होती. त्याने अभिनंदन केले, छायाचित्रे काढली. रात्री दिवा मालवल्यावर एवढेच म्हणाला, "मी आज सामानात आलो."

त्या वाक्यावर आम्ही दोघे बरेच दिवस बोललो नाही. आमच्या मते त्या दिवशीची व्यवस्था निःसंशय योग्य होती, आणि पैसे त्यासाठीच मोजले होते. त्याचे मत उलटे. तो म्हणतो, मे सारियांगला मी थांबलो तेव्हा तुम्हीही थांबलात. स्टेल्व्हिओला मी एकटा थांबलो. यावर वकिलालाही प्रतिवाद सुचलेला नाही.

आता थायलंडच्याच उत्तरेकडच्या नान प्रांताचा बेत आहे. कंपनी नको, हा मित्राचा आग्रह. व्हॅन हवी, हा आमचा. पुष्कळ घासाघीस होऊन असे ठरले, की मुक्काम आणि वाटा आपण आखायच्या, दिवसाला १२० कि.मी.च्या वर जायचे नाही, दर तिसरा दिवस विश्रांतीचा, आणि चिआंग माईहून ड्रायव्हरसह एक पिकअप भाड्याने घेऊन ती मागे ठेवायची. मित्राने अट घातली आहे, की तिच्यात फक्त बॅगा जातील. आम्ही अट मान्य केली. पिकअपला मागे आसन असलेली हवी, हे त्या ड्रायव्हरला वेगळे कळवले आहे.

हृदयरोगतज्ज्ञांकडची त्याची तपासणी पुढच्या सोमवारी आहे. परवान्यांचे अर्ज आम्ही तिघांचेही भरून ठेवले आहेत.