विमानावरच्या खुणा

आमच्या अब्बांनी पस्तीस वर्षे गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे काम केले. गंज खरवडायचा, पुट्टी भरायची, पॉलिशपेपर घासायचा आणि गाडी नव्यासारखी करून द्यायची. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आठवीतला माझा मुलगा आणि मी त्यांच्यासमोर बसून नेमके उलटे काम करत होतो. नवे कोरे विमान जुने करत होतो.

विमान प्लास्टिकचे. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश बॉम्बफेकी लँकेस्टर, मूळ आकाराच्या 72व्या हिश्शाचे. खऱ्याचे पंख 31 मीटर, आमच्याचे 43 सेंटिमीटर. पोटाला काळा, पाठीवर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा रंग दिला. त्यावर चमकदार वार्निश. मग पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेघांत टर्पेंटाइनने पातळ केलेला काळपट ऑइल कलर सोडला आणि जादा रंग कान साफ करायच्या काडीने पुढून मागे पुसला. उडताना वारा मळ त्याच दिशेने ओढतो.

इथवर ठीक होते. मग मला हौस आली. पंखांवर ठिकठिकाणी मी गंजाचा तांबूस रंग टिपला. मुलगा खूश! अब्बांनी चष्मा लावून पाहिले.

"मास्तर, याचा पत्रा कशाचा?"

"अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा."

"मग गंज कुठून आला?"

मी गप्प. अब्बा म्हणाले, "जिथं पाय पडतो तिथला रंग उडतो. जिथं धूर लागतो तिथं काळं होतं. गाडी जे सोसते तेच तिच्या अंगावर दिसतं. तुम्ही न सोसलेलं लावलंत."

रंग ओला होता, पुसून काढला. आता विचार करून हात चालू लागला. मेकॅनिक पंखावर उभे राहत, तिथे चंदेरी पेन्सिलीने रंग उडाल्याचे ओरखडे काढले. तांबूस रंग फक्त इंजिनांच्या धुराच्या नळ्यांना दिला. खडू खरवडून भुकटी केली आणि मऊ ब्रशने नळ्यांपासून मागे ओढली, आधी काळी, मधोमध फिकट राखाडी. त्या पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याचा हा राखाडी डाग. चार इंजिने, आठ पट्टे.

शेवटी नाकाजवळची जागा राहिली. तिथे प्रत्येक हल्ल्यामागे एक छोटा बॉम्ब रंगवत. सात जणांच्या तुकडीची एक पाळी साधारण तीस हल्ल्यांची. लंडनच्या संग्रहालयातल्या एका लँकेस्टरने 137 मोहिमा केल्या, हे मुलाने कुठेतरी वाचले होते. "अब्बू, आपणही भरपूर काढू," तो म्हणाला. स्कोअर मांडावा तसे. मोबाइलवर घरे कोसळताना तो रोज पाहतो आणि अंगठ्याने पुढे सरकवतो. ते माझ्या मनात सलत होते.

मी त्याला हॅम्बर्गचे सांगितले. जुलै 1943 च्या अखेरीस त्या शहरावर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडले, आगीचे वादळ उठले आणि सुमारे 35 ते 40 हजार माणसे मेली. बहुतेक घरात राहणारी साधी माणसे. हेही सांगितले की या दलातल्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सैनिकांपैकी 55,573 मारले गेले. कित्येक जण विशीतले, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग नकोच काढायला."

मलाही क्षणभर तसेच वाटले. पण समोर अब्बा होते. न लागलेला गंज लावला म्हणून त्यांनी टोकले होते. लागलेली खूण झाकणे तरी कोणते बरोबर? "काढू," मी म्हणालो. "पण मोजून."

टूथपिकच्या टोकाने त्याने पिवळे बॉम्ब काढले. तीस. दोन संध्याकाळी लागल्या. लाकडी पाटीवर विमान बसवले आणि खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले, हॅम्बर्ग, जुलै 1943. त्यापुढे दोन्ही आकडे, शहरातल्यांचा आणि विमानातल्यांचा.

अब्बांनी पाटी वाचली, मग नाकावरच्या ओळींवरून बोट फिरवले.

"यातला हॅम्बर्गचा कोणता रे?"

"माहीत नाही, दादा," तो म्हणाला. "सगळे सारखेच दिसतात."