छत्री आणि कलम

रत्नागिरीस समुद्रकांठीं राहणारांस मोकळ्या दृष्टीचा मोठा अभिमान असतो. घराच्या पश्चिमेस पाहावें, तों क्षितिजापर्यंत आड येणारें कांहींच नाहीं. म्हणून दूरदर्शनची छत्री घरीं आणिली तेव्हां ती समुद्राकडेच तोंड करून बसवावी, असा आमचा आग्रह होता. कारागीर हंसला, व त्यानें ती आग्नेयेस, अंगणांतील हापूसच्या कलमाच्या बाजूस वळविली. तें कलम आमच्या आजोबांनीं लाविलेलें. त्या वेळीं फारसें उंच नव्हतें.

आग्नेयेसच कां, हें आम्हांस मागाहून उमगलें. फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्तावर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीच्याच गतीनें फिरत असल्यामुळें तो आपणांस स्थिर भासतो. रत्नागिरीहून पाहतां तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५९ अंश वर येतो.

पुढें कलम वाढलें. एका आषाढांत चित्र तुटूं लागलें. कारण भिजलेलीं पानें उपग्रहाच्या लहरी शोषून घेतात. वाऱ्यानें छत्री हलली असेल, या समजुतीनें आम्हीं ती फिरवून पाहिली. तीन-चार अंश सरकतांच होतें तें चित्रहि गेलें! अखेर कारागीर म्हणाला, "वरची फांदी तोडा." बातम्या व कीर्तनें हीच आजीची दुपारची सोबत, तरी ती म्हणाली, "माझ्या बातम्या राहूं देत. ह्यांच्या हातचें झाड आहे. त्यास कोयती लावूं नका."

तेव्हां आम्हीं दप्तरांतील कोनमापक घेतला, त्याच्या मध्यबिंदूस दोरा व दोऱ्यास खडा बांधिला, आणि ५९ अंशांची रेषा धरून अंगण पालथें घातलें. कलम छत्रीपासून ६ मीटरांवर होतें. तितक्या अंतरावर १० मीटर उंचीचें झाड आड येतें. छत्री आणखी ३ मीटर मागें, वायव्येस नेली, तर झाड १५ मीटरांपर्यंत वाढलें तरी चालेल! त्याच सायंकाळीं आम्हीं खांब हलविला. छत्री ठीक लागली, चित्र स्वच्छ आलें, आणि आजी आपल्या जागीं येऊन बसली.

बालमित्रहो, दूरचें दिसावें म्हणून जवळचें तोडावेंच लागतें असें नाहीं. कित्येकदां आपण चार पावलें मागें सरलों, म्हणजे पुरतें. कलमास पुढल्या वैशाखांतहि आंबे आले.