घर ओढायचे कोणी?

आमच्या पंचवटीच्या घरात रोज नऊ पाने वाढली जातात. त्यामुळे सहलीला निघायचे म्हटले की ‘कुठे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कशात?’ हा पुढे येतो. 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि धाकट्या पुतण्याच्या डोक्यात चाकांवरचे घर शिरले, ते काही केल्या निघेना. अखेर त्याने एका कारखान्यात ट्रेलर ठरवून इसारही देऊन टाकला. दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी. भरल्यावर वजन दीड टन! आई मात्र खूश होती. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ बसवत नाही. आडवे पडून सप्तशृंगीला जायला मिळणार, म्हणून तिने देवीची ओटीसुद्धा काढून ठेवली.

पण आपण विचार करतो तसे ते नसते. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस ठेवायचा नाही. तो कलंडला तर आतल्याला आधार कशाचा? म्हणजे नऊच्या नऊ माणसे ओढणाऱ्या गाडीतच बसणार. नाशिककराला पहिली आठवते ती सातपूरच्या कारखान्यातली बोलेरो. तिच्यात जागा सात. उरलेल्या दोघांनी काय करावे, यावर घरात जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

मग जास्त बाकांच्या गाड्या पाहणे सुरू झाले. पुतण्या अश्वशक्तीचे आकडे सांगे, मी वजनाचा हिशेब करी. नऊ माणसांचे 540 किलो. शिवाय ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या आकड्यावर टेकतो. ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार तिथे येतो. दीड टनाला 150 ते 225 किलो. म्हणजे सामान चढण्याआधीच सातशेच्या आसपास! गाडीने काय ओढावे आणि अंगावर किती घ्यावे, या दोन मर्यादा वेगळ्या असतात, हे विक्रेत्याने आपणहून सांगितले नव्हते.

दांड्यावर इतका भार हवाच कशाला, असे मी मखमलाबादच्या तात्यांना विचारले. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी बैलगाडी नेण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते हसले. “भाऊ, गाडी उलाळ झाली तर?” मागे ओझे जास्त झाले की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. गाडीवान मग मागच्या बायकामुलांना ‘पुढे सरा’ म्हणतो. ट्रेलरचेही तेच; मागे जड झाला की तो डुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही हलवतो. निघताना तात्यांनी आणखी एक विचारले, “चढाला नेईल हो कुठलीही. उताराला काय करणार?”

हा प्रश्न नाशिककराने विसरावा, हेच नवल. 1865 साली कसारा घाटातून रेल्वे वर आली. 37 फुटांना एक फूट असा तो चढ. वर येताना गाडीला मागून जादा इंजिने रेटतात, ती सगळे कौतुकाने पाहतात. पण खाली उतरण्याआधी इगतपुरीला ब्रेक तपासतात, तिकडे आपण वडे खाण्याच्या नादात लक्ष देत नाही.

आम्ही माणसांऐवजी वाळूची पोती भरून, एक लांब गाडी आणि तो ट्रेलर घेऊन नांदुरीचा घाट गाठला. चढ सुखाने गेला. पुतण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. वरून उतरताना मात्र दीड टनाचे ते घर अंगावर येऊ लागले. खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरूनही काही वळणांनंतर जळका वास आला. एका रुंद जागी थांबलो, चाकांमागे दगड लावले. पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, या ट्रेलरला स्वतःचे ब्रेकच नाहीत.”

गाडी निवडायला निघालो होतो आणि दोष निघाला घराचा! थंड होऊ देत देत, पायी चालावे तशा वेगाने आम्ही खाली आलो. ट्रेलर कारखान्यात परत गेला: चाकांना ब्रेक बसवा, नाही तर इसार परत द्या.

आईला हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ती एवढेच म्हणाली, “मग ओटीचे काय?”

पुढच्या मंगळवारी त्याच लांब गाडीतून, मागे काही न जोडता, आम्ही नऊजण निघालो. आई पुढच्या आसनावर, पाठ जरा मागे टाकून. दिंडोरीला, वणीला, नांदुरीला उतरून तिने चार-चार पावले टाकली. गडावर 2018 पासून ट्रॉली आहे, तीत बसून ती मंदिरापाशी गेली. लोखंडी दोर डब्याला वर ओढत होता आणि ती खिडकीतून खाली पाहत होती.

“याचे ब्रेक पाहिलेत का रे?” तिने पुतण्याला विचारले.