सांदण दरी: खाली उतरत जाणारा ट्रेक

ट्रेक म्हटलं की डोळ्यांसमोर गड येतो आणि दम काढणारी चढण. सांदण दरीत मात्र सगळं उलटं आहे. इथे सुरुवात वर होते आणि शेवट पायथ्याशी!

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात साम्रद हे छोटं गाव आहे. समोर रतनगड आणि जवळच अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट. गावातून थोडं चाललं की जमिनीला पडलेली एक प्रचंड भेग दिसते. तीच सांदण दरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेला हा काळा बेसॉल्ट खडक. त्यातल्या भेगा पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षं कोरत नेल्या आणि ही दरी तयार झाली. दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मधली वाट काही ठिकाणी जेमतेम दोन-चार माणसांची. तळाशी ऊन फार थोडा वेळ येतं, म्हणून हिला 'सावल्यांची दरी' असंही म्हणतात.

आत शिरलात की मोठमोठ्या दगडांवरून उतरत जायचं. वाटेत पाण्याचे डोह लागतात. ऋतूप्रमाणे पाणी कधी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत असतं. मोबाइल आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. ओल्या दगडांवर पाय घसरतो, त्यामुळे चांगली पकड असलेले बूटच घाला.

पुढे दरी एकदम तुटते. इथे असतो साधारण ४५ फुटांचा रॅपलिंगचा टप्पा. कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट. पाठ दरीकडे, पाय खांद्यांइतके फाकवून कातळावर टेकलेले आणि शरीराचा भार मागे, दोरावर. भीती वाटली की माणूस कातळाला बिलगतो आणि तिथेच पाय घसरतात. दोराचा खालचा भाग धरलेला हात म्हणजे तुमचा ब्रेक. तो कधीही सोडायचा नाही.

दोराला हात लावण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. एकदा उतरलात की त्याच वाटेने परत वर येता येत नाही. पुढे आणखी छोटे कातळटप्पे आहेत, मग दगडधोंड्यांतून काही तासांची चाल. त्यानंतर कोकणातल्या डेहणे गावाकडे उतरायचं, नाहीतर करोली घाट चढून साम्रदला परतायचं. म्हणून गुडघे दुखत असतील, ताप असेल किंवा मन तयार नसेल, तर 'नाही' म्हणायची जागा हीच. सोबतच्यांनीही आग्रह करू नये. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर दरीचा वरचा भाग पाहून परत फिरलात तरी सहल पूर्ण होते.

पावसाळ्यात दरीत अजिबात उतरू नका. वरच्या माळावर पडलेलं पाणी याच भेगेतून खाली धावतं आणि आत बाजूला सरकायला जागाच नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. तेव्हाही आभाळ भरून आलं असेल, तर बेत पुढे ढकला.

अनुभवी संस्थेबरोबर जा, साम्रदमधला वाटाड्या सोबत घ्या. पाणी भरपूर न्या आणि कचरा परत आणा. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे.

दरी कुठे जात नाही. यंदा जमलं नाही, तर पुढच्या हिवाळ्यात जा.