कॅनव्हास: एक 'एस' की दोन?

इंग्रजीत कापडाला एक 'एस' आणि मतं मागायला दोन. देवनागरीत मात्र दोन्ही सारखेच... कॅनव्हास. त्यामुळे आपल्याकडे बूट, चित्रकाराचं कापड आणि दारोदार फिरणारा कार्यकर्ता एकाच शब्दात राहतात. आणि गंमत म्हणजे मुळात ते नातेवाईकच आहेत!

कापडाचं नाव लॅटिनमधल्या 'कॅनाबिस'वरून आलं. हो, तेच ते. पूर्वी हे जाडंभरडं कापड भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांचं असायचं. सोळाव्या शतकात त्याचं क्रियापद झालं: एखाद्याला कापडात घालून वर उडवायचं, शिक्षा म्हणून नाहीतर टवाळी म्हणून. मग एखादा विषय असाच उलटसुलट झोडपून काढणं, आणि पुढे मतं मागणं.

असो. खरी मजा आपल्याकडे आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत तळाशी हमखास एक ओळ असते: 'कॅनव्हासिंग इन एनी फॉर्म विल बी अ डिसक्वालिफिकेशन'. इथे अर्थ सरळसरळ वशिला. निवडणुकीतला उमेदवार दारात आला नाही तर आपण म्हणतो, "मत मागायलासुद्धा फिरकला नाही!" नोकरीचा उमेदवार साहेबांच्या दारात गेला की अर्ज बाद. एकाचं कर्तव्य, दुसऱ्याचा गुन्हा, आणि 'उमेदवार' दोघंही!

अर्थात पहिल्यालाही मर्यादा आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 130 प्रमाणे मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 100 मीटरच्या आत मत मागता येत नाही. दंड किती? 250 रुपयांपर्यंत. तेव्हा जड वाटला असेल, आज एका पिझ्झाचेही होत नाहीत.

अमेरिकेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, मोजलेल्या मतांची अधिकृत पडताळणी. म्हणजे मतं मागणाराही कॅनव्हासर आणि तपासणाराही. मिशिगन राज्याच्या कॅनव्हासर्स बोर्डात चार जण असतात, दोन्ही पक्षांचे दोन-दोन. 2020 ची अध्यक्षीय निवडणूक बायडन तिथे जिंकले, आणि निकालावर शिक्कामोर्तब होऊ नये म्हणून या चौघांवर दबाव सुरू झाला. आपल्या जाहिरातीतल्या अर्थाने, कॅनव्हासरांचंच कॅनव्हासिंग! 23 नोव्हेंबरला निकाल मंजूर झाला, 3 विरुद्ध 0. एक रिपब्लिकन सदस्य तटस्थ राहिले. दुसरे, एरन व्हॅन लँगेव्हेल्ड, यांनी बाजूने मत दिलं. जानेवारी 2021 मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा पक्षाने त्यांचं नाव पुन्हा सुचवलं नाही.